सात पॉइंट आठ

नाही, पण मी म्हणतो, माणसानं श्वास तरी किती घ्यावा? काही माप, काही मर्यादा? हसू नका! तुम्हाला सांगतो, यात हसण्यासारखं काही नाही, त्या टाकीपायी माझ्या घरात काय काय झालं ते माझं मला माहीत... हॉलमध्ये भिंतीला लागून चार फुटांची काचेची टाकी, आत समुद्र. खरा नव्हे हो! नळाचं पाणी गाळायचं, मोजून मीठ घालायचं आणि मग रोज त्या पाण्याची समजूत घालायची की बाबा रे, तू समुद्र आहेस. आत दोन नारिंगी मासे आणि एक कोरल. पोवळं हो, जिवंत! खूश असलं की त्याची हिरवी बोटं पाण्यात डोलतात म्हणे. माझं कुठलं डोलायला? रुसलेल्या जावयासारखं मिटून बसलेलं.

का? तर पीएच. म्हणजे पाणी आंबटाकडे किती झुकलंय ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं पाणी आंबट. तो हवा आठ पॉइंट तीन. टाकीवर यंत्र बसवलंय, अहोरात्र लाल आकडा दाखवतं, आणि माझा आकडा सात पॉइंट आठ! क्षार घातले, सात पॉइंट आठ. चुन्याची निवळी सोडली, तासभर चढला, उतरला, सात पॉइंट आठ. मीठ बदललं, दिवा बदलला, परीक्षानळीत थेंब टाकून टाकून माझी बोटं निळी झाली, आकडा मात्र सात पॉइंट आठ!

शेवटी ज्याच्याकडून मासे घेतले त्या दुकानदाराला घरी आणला. तो मोठ्या डॉक्टरच्या थाटात बोलतो, डोळे मिटून. टाकीकडे बघितलंच नाही त्यानं, खिडक्यांकडे बघितलं. "बंदच असतात?" म्हटलं, हो. "घरात माणसं किती?" म्हटलं, तुम्ही शिरगणतीला आलात का हो? तर म्हणतो कसा, "साहेब, माणूस श्वास सोडतो, तो खोलीत कोंडतो, पाण्यात उतरतो, पाणी आंबटतं. पण आकड्याच्या मागे लागू नका. वरखाली होत नाही ना? मग कोरल सावकाश उघडेल. नाहीतर खिडकी उघडा." एवढ्या भाषणातले शेवटचे तीन शब्द तेवढे मी ऐकले.

खिडकी उघडा! अहो, खिडकीखाली आईची खुर्ची, आणि आमच्या आईला वारा लागतो. शेजाऱ्यांनी पंखा लावला तरी आमच्या आईला वारा लागतो! मी खिडकी उघडली की, "कोण रे ते? माझे गुडघे धरतात ना!" मी कामावर गेलो की बंद, आलो की उघडी, गेलो की बंद. वर दुपारी तिच्या मैत्रिणी, चांगल्या चौघी! त्यातली एक दम्याची, म्हणजे ती एकटीच दोघींचं काम करते. संध्याकाळी येऊन बघतो तर सात पॉइंट सात!

मग एका रविवारी मी आईसमोर बसलो. शांतपणे. शास्त्रीय पद्धतीनं. म्हटलं, "आई, राग मानू नकोस, पण तू श्वास सोडतेस ना..." आई पालेभाजी निवडत होती. "बरं, मग?" म्हटलं, "त्याचा कोरलला त्रास होतो." आईचा हात थांबला. "मग काय करू? बंद करू?" "तसं नाही गं! मी एवढंच म्हणतोय की, घरात एक माणूस कमी असतं ना, तर आकडा वर गेला असता."

तुम्हाला सांगतो, शास्त्राच्या दृष्टीनं हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे! आमची ही पळी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली. आईनं भाजी निवडली, देठं गोळा केली, दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि माझ्या धाकट्या बहिणीकडे निघाली. "जरा बदल म्हणून जाते रे. तुझं पोवळं जगू दे." शाल घेतली, गुडघ्यांचं तेल घेतलं आणि उशी घेतली. आता मला सांगा, बदल म्हणून जाणारं माणूस उशी नेतं का?

आणि आकडा! खिडक्या सताड उघड्या... आठ... आठ पॉइंट एक... आणि बघता बघता आठ पॉइंट तीन! कोरल असं फुललं म्हणता! मी हिला ओरडून बोलावलं, "अगं बघ, बघ!" ती आली, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "छान," म्हणाली. "आता मी कधी जाऊ? की एवढा पुरे?"

त्यात ते मासे. ही सांगायची, रोज दुपारी दोघंही खुर्चीच्या बाजूच्या काचेला येऊन थांबतात, हलत नाहीत. मला वाटलं, पाणी बिघडलं. क्षार तपासले, ठीक. कॅल्शियम, ठीक. मीठ, ठीक. पाण्यात काही म्हणजे काही कमी नव्हतं हो! मग ही म्हणाली, "अहो, आई बोलायच्या त्यांच्याशी. तुमच्याबद्दलच. म्हणायच्या, लहानपणापासून हा असाच, एक धरलं की सोडत नाही, पण मनानं वाईट नाही." खोटं कशाला सांगू, त्या उघड्या खिडकीपाशी मला एकदम भरून आलं.

गेलो बहिणीकडे. ती दारातच, "ये दादा. आमच्याकडे श्वास मोजत नाहीत हो, घे पोटभर!" आई आत शाल पांघरून बसलेली. म्हटलं, "आई, घरी चल." "आकडा?" "खड्ड्यात गेला." "पोवळं?" "रुसू दे." "खिडकी?" "लावूनच आलोय." आईनं शालीची घडी घातली. मग उशी माझ्या हातात दिली.

आता? सात पॉइंट आठ! आई माझ्यावर चिडली की टाकीजवळ जाऊन मुद्दाम मोठा उसासा सोडते. कोरल सावकाश उघडलंय, निम्मंअर्धं. तो डोळेमिट्या बरोबर बोलला होता.

पण परवा सुट्टीच्या दुपारी माझा जरा डोळा लागला. जाग आली, सवयीनं यंत्राकडे बघितलं... आठ पॉइंट दोन! खिडकी बंद आणि आठ पॉइंट दोन! तुम्हाला सांगतो, ताडकन उठलो. खुर्ची रिकामी. तिच्या खोलीत धावलो, पांघरूण आहे, आई नाही. आई... आई... करत हॉलमध्ये आलो तर घराचं दार सताड उघडं आणि बाहेर जिन्यावर पाच जणींची बैठक! वर आईच मला म्हणते, "काय रे, झालं काय? धापा कसल्या टाकतोस? पाणी आंबट होईल ना!"

म्हटलं, "आई, आत ये. या चौघींनाही घेऊन ये. आकडा फार चांगला आलाय."