तोआदेरच्या कपाटाची किल्ली

...नाही, पण मी म्हणते, नवऱ्यानं बायकोवर विश्वास ठेवू नये हे सरकारनं कायद्यात लिहायची काही गरज होती का? ते काम आमच्या पोयेनीतले पुरुष फुकटात करतच होते की! तुम्हाला सांगते, आमच्या गावात एक होता तोआदेर, एक होती त्याची बायको सावेता, आणि एक होतं बंदुकीचं लोखंडी कपाट, आणि त्या घरात मान होता तो कपाटाला. कपाटाला रोज तेलाचं फडकं, सावेताला रोज शिव्या. तोआदेर म्हणजे शिकारी! म्हणजे टोपीत पीस खोचलेला, बाकी शिकार म्हणाल तर एक ससा, तोही म्हातारा, असं लोक म्हणतात.

तर कायदा असा, की परवाना ज्याचा किल्ली त्याची, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला ती कुठे ठेवलीय हे ठाऊकसुद्धा असता कामा नये. आणि आमचा पोलीस कॉस्ताके, तो वर्षातून एकदा तपासायला यायचा तेव्हा कपाटाकडे बघायचासुद्धा नाही. ओट्यावर बसायचा, दारूचा घोट घ्यायचा, मिशा पुसायचा, आणि गोड आवाजात बाईला विचारायचा, "काय वहिनी, किल्ली कुठे असते हो?" अशानं गावातल्या मित्रूची भाबडी बायको फसली ना! पाहुण्याला मदत करावी म्हणून म्हणाली, "थांबा हं, देते काढून." गेला मित्रूचा परवाना! महिनाभर ती बाई डोळा सुजवून फिरत होती, आणि विचारलं की सांगायची, गाईनं शिंग मारलं.

मग तोआदेरनं काय करावं? सावेताला रोज जेवणाआधी स्टुलावर बसवायचा आणि स्वतः पोलीस व्हायचा. "किल्ली कुठे?" "मला काय ठाऊक!" "डोळे कुठे गेले तुझे? चुलीकडे का बघितलंस?" "अहो, मक्याचं पीठ करपतंय!" "करपू दे! पुन्हा! किल्ली कुठे?" "मला काय ठाऊक!" आणि ती जिकडे बघेल तिथून हा किल्ली हलवायचा. आज पिठात, उद्या बुटात, परवा कोबीच्या पिंपामागे... बाई स्वतःच्या घरात मान खाली घालून चालायला लागली हो, नजर पडली तरी गुन्हा!

बरं, नुसता नवराच असता तर निभावलं असतं, पण आमच्याकडे अस्वलं! तोआदेर शिकारीच्या मंडळींबरोबर डोंगरात प्यायला... म्हणजे शिकारीला गेलेला, आणि भरदिवसा अस्वल परसात. नाताळसाठी वाढवलेलं डुक्कर सावेताच्या डोळ्यांदेखत ओढून नेलं, आणि जाता जाता स्वैपाकघराच्या दाराला पंजा मारून गेलं. ही बाई आत, हातात झाडू, आणि समोर कपाट! बंदूक कपाटात, किल्ली देवाला ठाऊक. चुलीवरच्या माळ्यावर चढून बसली, तोआदेर आला तेव्हा शिडीशिवाय उतरता येईना.

"अहो, मला किल्ली दाखवून ठेवा," म्हणाली, "पुढच्या वेळी ते आत येईल."

तर हा काय म्हणाला असेल? "डुक्कर दुसरं आणता येतं. बायकोपण दुसरी मिळते. परवाना गेला तर परत मिळतो का गं?" आणि हसला. वर म्हणतो, "बस स्टुलावर."

बसली. "किल्ली कुठे?" "मला काय ठाऊक!" त्या दिवशी म्हणे तिचे डोळे इकडचे तिकडे झाले नाहीत. तोआदेर खूश! अहो, बायको दगडासारखी बघायला लागली की शहाण्या माणसानं पळून जावं, हा खूश झाला!

मग आली आलुबुखारांची वेळ. दारूसाठी परसात पिंपं भरून आंबत घातलेली, वास थेट जंगलापर्यंत. सकाळी तोआदेर परसातल्या संडासात बसलेला, आणि आलं ना अस्वल! पिंपात तोंड घातलं, पोटभर प्यायलं, आणि टेकलं कुठे? संडासाच्या दाराला पाठ लावून! फळ्या अशा करकरतायत, आतून तोआदेर बोंबलतोय, "सावेताऽऽ! बंदूक आण!"

ही शांतपणे खिडकीत आली. "अहो, किल्ली कुठे?"

आतून तोआदेर म्हणतो, "बुटात बघ!" बुटात नाही. "पिठात!" नाही. "पिंपामागे!" नाही. "अहो, मग कुठे?" आणि आतून, रडक्या आवाजात... "मला काय ठाऊक!"

लपवून लपवून स्वतःच विसरला होता हो!

आणि नेमका फाटकाशी कोण? कॉस्ताके! तपासणीला आलेला. अस्वल बघताच परत गाडीत, काचा वर, बोटभर फट ठेवून ओरडतोय. त्याचं पिस्तूल? चौकीतल्या तिजोरीत, तिजोरीची किल्ली मोठ्या साहेबांकडे, मोठे साहेब भाच्याच्या बाप्तिस्म्याला! "वहिनी," फटीतून ओरडतोय, "तुम्हाला तरी ठाऊक आहे का किल्ली कुठे ते? सांगा लवकर!"

आता तुम्हाला म्हणून सांगते. किल्ली होती संत निकोलाच्या तसबिरीमागे. दर शनिवारी तसबीर पुसते कोण? सावेता! सगळं ठाऊक होतं तिला. तिनं अस्वलाकडे बघितलं, पोलिसाकडे बघितलं, डुकराच्या रिकाम्या खोपटाकडे जरा जास्त वेळ बघितलं, हात पुसले, आणि नजर न हलवता म्हणाली, "मला? मला काय ठाऊक!"

तेवढ्यात फळ्या गेल्या. अस्वलाचा तोल गेला, ते आत, आणि आत जागा एकाचीच... मग व्हायचं ते झालं. सावेतानं मक्याचं पीठ घोटायची कढई आणि पळी घेऊन असा दणदणाट केला की अस्वल झिंगत झिंगत जंगलात गेलं. पण जाताना तोआदेरचा डावा कुल्ला घेऊन गेलं. सगळा नाही, अर्धा. सगळा म्हणाले तर खोटं होईल.

कॉस्ताकेनं काच खाली केली आणि तिथेच परवाना रद्द केला. मालकालाच किल्ली ठाऊक नाही म्हणजे काय! संध्याकाळी तसबीर पुसताना सावेताला किल्ली सापडली बाई, अगदी अचानक. पुढच्या उन्हाळ्यात तिनं स्वतः परवान्याची परीक्षा दिली, नेम धरून उभी राहिली तेव्हा परीक्षक दोन पावलं मागे सरकले म्हणे. बंदूक तिच्या नावावर, कपाट तिचं, किल्ली तिची. त्या दिवसापासून 'अहो' बंद, 'अरे तोआदेर' सुरू.

आता त्या घरात सुख आहे हो. नवं डुक्कर आहे, दार पक्कं आहे, ज्या पिंपात अस्वलानं तोंड घातलं त्याचीच दारू सगळ्यात चांगली निघाली. फक्त रोज जेवणाआधी सावेता विचारते, "किल्ली कुठे?" आणि तोआदेर मान खाली घालून म्हणतो, "मला काय ठाऊक!"

उभ्या उभ्याच म्हणतो. स्टूल दिलं होतं तिनं, पण आता त्यावर बसणार कशानं?