फळ्यावरून पुसलेलं नाव

मूळ आमी पिशोरचे. बाप लोकांच्या वावरात राबायचा. म्या शहरात आलो तवा मिसरूडबी फुटलं नव्हतं, मिस्तऱ्याच्या हाताखाली घमेली उचलली, मग थापी हातात आली, मग लोक मलाच मिस्तरी म्हणाया लागले. हर्सूलला जागा घेतली, दोन खोल्या बांधल्या, वर पत्रे, पत्र्यावर दगड. म्हणलं पुढच्या साली स्लॅब टाकू. ते पुढचं साल काय आलं नाय. काय सांगू तुमाला ताई, जिंदगीभर दुसऱ्यांच्या स्लॅबा टाकल्या.

वस्तीत आमचं विहार हाय, तिथं पोरांची अभ्यासिका चालती. पोरं पोलीस भरतीचं वाचत्यात, तलाठ्याचं वाचत्यात, निकालात नाव नाय आलं की भितीला टेकून गप बसत्यात. एक दिवस म्या म्हणलं, उठा रं, आयतवारची वंदना झाली की माझ्यासंगं चला, ज्याचं घर गळतं त्याच्या घरावर चढू. वंदना म्हणायची आन् शेजारच्याचं छप्पर बगायचं नाय, ही कसली वंदना? पोरं आली, पोरीबी आल्या. प्रणाली म्हणून एक पोरगी हाय, माझ्याहून सरळ पत्रा कापती. विहारातल्या फळ्यावर घरवाल्यांची नावं लिहायची, वरचं नाव पहिलं. आन् एक नेम म्याच घातला, जो काम करतो त्याचं घर शेवटी.

माझी बायको वत्सला, तिला दमा. पावसाळ्यात पत्रे गळायचे, खाली भांडी मांडायची, भितीला ओल धरायची, तिची छाती घरघर घरघर करायची. बाकीची घरं होत आली तवा आमचं नाव दोनदा वर आलं, पण दोन्ही बारीला कोणी ना कोणी बाई रडत यायची, मग म्या आमचं नाव पुसून खाली घ्यायचो. लोक म्हणायचे, मिस्तरी लाख माणूस हाय. गोड लागतं बगा ते. लई गोड लागतं.

वत्सला शाळंत कधी गेली नव्हती. प्रणाली दुपारी विहारात बायांना अक्षरं शिकवायची, तिथं ही सही शिकली. एका आयतवारी वंदना झाली आन् ही उठली, खडू घेतला, फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं, वत्सला. वाकडंतिकडं, पण वाचाया येत व्हतं. म्या उठलो. फडकं घेतलं आन् पुसलं, सगळ्या पोरांसमोर. म्हणलं, नेम म्हंजे नेम, घरच्यांसाठी मोडला तर लोक काय म्हणतील?

तिनं खडू माझ्या हातात ठिवला, घरी गेली, दोन लुगडी पिशवीत भरली आन् चिकलठाण्याला लेकीकडं गेली.

म्या आणायला गेलतो, दोनदा गेलतो. भांडली असती तर बरं झालं असतं. च्या दिला, जेवू घातलं, म्हणली, आता तिथली सवय मोडली. बस. तेवढंच.

गेल्या हिवाळ्यात पोरं मला न इचारता माझ्याच घरावर चढली. प्रणाली म्हणली, बाबा, आज तुमी खाली थांबा. म्या थांबलो. जुने पत्रे उतरवले, नवे बसवले, पक्के, दगडाची गरज नाय. सगळे माझ्या तोंडाकडं बघाया लागले. मला बरं वाटलं नाय, वाईटबी वाटलं नाय. नुसता उभा व्हतो. प्रणालीनं वत्सलाला फोन लावला, आजी, घर झालं, या. तिकडून म्हणली, पोरींनो, पत्र्यानं हात तर नाय ना कापले? आन् त्यांना म्हणावं, गोळ्या येळंवर घ्या.

बुद्धपौर्णिमेला आलती ती विहारात, पांढरं पातळ नेसून. खिरीची वाटी मलाबी आणून दिली. मग तिथूनच रिक्षात बसली. घर तीन गल्ल्यांवर हाय, तिकडं बघितलं नाय तिनं.

काम करणाऱ्याचं घर शेवटी, तो नेम म्या मोडलाय आता. आयतवारी जातो, पत्रे ठोकतो, येतो. घरात एक थेंब येत नाय, सगळी भांडी मांडणीवर कोरडी बसलीत. मला रडूबी येत नाय ताई, खरं सांगतो. लेकीच्या घरला स्लॅब हाय. तिथं तिची छाती घरघरत नाय म्हणं. ऱ्हाऊ द्या तिला तिथंच. तिनं कोरड्यात ऱ्हावं, बस.