कॉफीच्या रांगेत मागणी

इंडियानातल्या विद्यापीठात कॉफीच्या रांगेत पुढे थर्लोसर आणि इडामॅडम होते, मागे मार्लिस. तिचा अख्खा प्रबंध थर्लोसरांच्या मानसशास्त्रातल्या मॉडेलवर उभा होता.

“इडा, लग्न करतेस माझ्याशी?”

“दोन नवरे झालेत माझे. नवी गोष्ट कुठल्या गटात टाकायची, हे माणूस कसं ठरवतो म्हणतं तुझं मॉडेल?”

“जुनं एकेक उदाहरण आठवून. ज्याच्याशी जास्त जुळेल, त्याच्या गटात.”

“मग तू दुसऱ्या नवऱ्याच्या गटात. त्यानंही रांगेतच विचारलं होतं.”

“अगं, पण तुझं मॉडेल सगळ्या जुन्या उदाहरणांची सरासरी काढतं ना? सरासरी नवऱ्याशी मी कुठे जुळतोय?”

“माझ्या मॉडेलला तू आयुष्यभर भंगार म्हणत आलास.”

“आता पटतंय.”

“मग तसं छापून आण. पुढचं नंतर बघू.”

थर्लोसर हळूच मागे वळले.

“मार्लिस, प्रबंध फार पुढे नाही ना गेला तुझा?”