दर तासाला बंद

दादा : दार उघड! शेवटचं सांगतोय, नाहीतर चौकटीसकट उखडून टाकीन.

धाकटी : उखड. पण मास्तर बाहेर येणार नाहीत.

दादा : बहीण माझी, आणि आत बसून त्या हरामखोराची पाठराखण करतेस?

धाकटी : त्यांचं डोकं फुटलंय, दादा. दोन रुमाल भिजून चिंब झालेत. आपले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या साठीच्या माणसाला तू लोखंडी पाइप मारलास.

दादा : मग काय मांडीवर घेऊ त्याला? नऊला सर्व्हर बंद, दहाला बंद, अकराला बंद! आणि दर वेळी हा खिशातून फोन काढतो, त्यावरूनच बंद करतो. मी काय दुधखुळा आहे? बाहेर बावीस कामगार हात बांधून उभे आहेत. पुठ्ठा कापायचं मशीन थंडगार पडलंय. एका खोक्याचं डिझाइन उघडेल तर शपथ!

मास्तर : साहेब, मी फोनमध्ये वेळ बघत होतो. पुन्हा कधी बंद पडणार, त्याची.

दादा : तू तोंड उघडू नकोस! जीभ हासडीन.

धाकटी : मार, अजून मार दारावर. खालची बिजागरी निघालीच आहे. आई-बाबांनी मिळवलेली एवढी ही खोली, तीही मोड.

मास्तर : ताई, मला बोलू द्या. साहेब, सर्व्हरवर जे सॉफ्टवेअर आहे ना, ती चाचणीची प्रत आहे. वापरून बघा, पटलं तर विकत घ्या, अशातली. मुदत संपली की ती दर तासाला आपली आपण बंद पडते. बनवणाऱ्यांनीच तशी सोय करून ठेवलीय. माझा हात नाही त्यात.

दादा : थापा! चाचणीची म्हणे. तीन वर्षं चालली की!

मास्तर : सहा महिन्यांची मुदत पाच वेळा वाढवता येते. पाचही वेळा तुम्ही म्हणालात, मास्तर, ढकला पुढे. मी ढकलत गेलो. तेवढी माझी चूक, ती मी नाकारत नाही. पण सहाव्यांदा ढकलता येत नाही.

दादा : मग आधी बोलायला काय धाड भरली होती?

मास्तर : लेखी दिलं होतं, साहेब. दोन रस्ते लिहिले होते. एक, विकतचं घ्या. त्यात सर्व्हरचा परवाना वेगळा, आणि वापरणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा. दुसरा, फुकटचं घ्या. परवान्याची भानगड नाही, पण सांभाळायला घरचं कुणीतरी शिकायला हवं. ताई शिकायला तयार होत्या.

दादा : ऐकलंस, छोटे? मला एक चिटोरंसुद्धा मिळालेलं नाही आणि हा पत्राच्या गप्पा मारतो! सरक बाजूला. आज त्याच्या डोक्याची दुसरी बाजूही फोडतो. मग तो सर्व्हरही फोडतो!

धाकटी : थांब! दादा, थांब! पत्र माझ्याकडे आलं होतं.

दादा : काय?

धाकटी : दोन महिने झाले. माझ्या पिशवीत आहे. मी तुला दिलं नाही.

दादा : का? वेड लागलं होतं तुला?

धाकटी : मागे मी परवान्याचं नाव काढलं, तेव्हा काय केलंस तू?

दादा : ते... ते चुकून झालं.

धाकटी : माझा हात टेबलाच्या खणात होता आणि तू खणाला लाथ घातलीस. दोन बोटं मोडली माझी. घरी सांगितलं, मशीनमध्ये सापडली. वहिनीने काही विचारलंसुद्धा नाही. नुसती पट्टी बांधून दिली आणि माझ्याकडे बघत राहिली. हे पत्र घेऊन मी तीनदा तुझ्या केबिनपर्यंत आले, दादा. तिन्ही वेळा आतून तुझा आवाज ऐकला आणि परत फिरले.

दादा : म्हणजे तू मला घाबरतेस?

धाकटी : बाहेर ते बावीस जण उभे आहेत ना, मघाशी मास्तर खाली पडले तेव्हा त्यातला एकतरी पुढे आला का? विचार त्यांना, कशाला घाबरलात.

(बाहेर लोखंडी पाइप फरशीवर पडल्याचा आवाज.)

दादा : उघड. गाडी काढतो. त्यांना डॉक्टरकडे नेऊया.

धाकटी : तू नको. मी मघाशीच फोन केलाय. रुग्णवाहिका येतेय. पोलीसही.

दादा : पोलीस? सख्ख्या भावावर?

धाकटी : हो.

दादा : अगं, लहानाची मोठी केली मी तुला.

धाकटी : केलीस. म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसले.

मास्तर : ताई, जरा गरगरतंय. पण ऐकून ठेवा, डिझाइनं सगळी शाबूत आहेत. सर्व्हर चालू केला की तासभर मिळतो. तेवढ्यात जमतील तेवढी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवायची. असं दोन-तीनदा केलं की...

धाकटी : मास्तर, ते राहू दे आता. डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा.

दादा : काय झालं? शुद्धीवर आहेत ना ते? छोटे? मी काय करू, सांग ना.

धाकटी : काही करू नकोस. आयुष्यात एकदा काही न करता थांब.

मास्तर : रुग्णवाहिका आली वाटतं फाटकात.

धाकटी : आलीच. उठू नका, मी कडी काढते.

मास्तर : ताई, दार हळू लोटा. फटीतून सदरा दिसतोय. साहेब दाराला टेकून बसलेत.