देवीचा पहिला तुकडा

इंग्लंडातल्या रिंगवूडच्या बसथांब्यावर माझ्या मागे दोघीजणी उभ्या होत्या. काळ्या कोटातल्या मिसेस पेन्फोल्ड नुकत्याच नवऱ्याला, आर्थरला, पुरून आल्या होत्या. दुसरी ग्वेन, त्याची मैत्रीण. दोघींची ओळख चर्चच्या दारातच झालेली.

"दर पौर्णिमेला आर्थर मासे धरायला जातो, असंच समजत होते मी. मासा मात्र एकही घरी आला नाही."

"आमच्याकडे यायचे ते. रानात. आम्ही विक्का धर्माचे."

"म्हणजे चेटूक?"

"लोक म्हणतात तसं. आम्ही चंद्राची देवी पुजतो आणि शिंगांचा देव."

"शिंगं? अगं बाई, सैतानच की तो!"

"सैतान तुमच्या चर्चचा. आमच्याकडे नाही."

"बरं, मग हा धर्म येशूच्याही आधीचा ना?"

"देव जुने. धर्म मात्र गेल्या शतकात एका निवृत्त सरकारी माणसानं मांडला. थोड्या जुन्या रीती, थोडी पुस्तकं, थोडं पदरचं."

"म्हणजे देवी जुनी आणि धर्म माझ्याहून धाकटा? माझं तर डोकंच चालेना. दर रविवारी माझ्याशेजारी बसून स्तोत्रं म्हणायचा हो!"

"आमच्याकडेही म्हणायचे. भयंकर बेसूर."

"बेसूरच. आणि माझा शहाजिऱ्याचा केक? डबाभर न्यायचा, तो कोण खायचं?"

"आम्हीच. पहिला तुकडा देवीला, मग सगळ्यांना."

"माझा केक? देवीला?"

"दर पौर्णिमेला."

बस आली. मिसेस पेन्फोल्ड पायरीवर पाय ठेवून थांबल्या.

"शहाजिरं जरा जास्तच पडतं माझ्या हातून. ती कधी काही म्हणाली नाही ना?"