श्रीपादला शिकवू द्या

सन्माननीय अध्यक्ष डॉ. श्रीरंग आगाशे, प्रमुख पाहुणे आणि ज्यांच्या कारखान्याने आपल्या मुलांना इथे शिकायला पाठवलं ते श्री. यशवंतराव सबनीस, मराठीचं एक अक्षर कळत नसूनही टाय बांधून पहिल्या रांगेत बसलेले, मुलांचे कारखान्यातले उस्ताद मायस्टर क्रेमर, आणि स्टुटगार्टच्या या थंडीत लांबलांबून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

निरोपाचे चार शब्द बोलायची आज्ञा झाली आहे. अध्यक्ष म्हणजे आमचेच 'हे', त्यामुळे घरून निघतानाच बजावलंय, "वसुधा, चार म्हणजे चारच हं." बघू या.

उद्या सकाळी आपली पाच मुलं जेनोआची गाडी पकडतील आणि तिथून बोटीने मायदेशी जातील. दोन वर्षं ती इथल्या कारखान्यात लेथचं काम शिकली. साताऱ्याकडे यशवंतरावांचा नवा कारखाना उभा राहतोय. तिथे ती कामाला लागतील, त्यांच्या हाताखाली आणखी पोरं तयार होतील, एखादा पुढेमागे स्वतःचं वर्कशॉपही काढेल. यशवंतराव आत्ताच फार सुंदर बोलले. म्हणाले, देशाला भाषणं नकोत, तरुणांचे हात हवेत. आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण चौघांना नोकरी पक्की आहे आणि पाचव्याला, आपल्या श्रीपाद कुंभोजकरला, नाही. हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. तरी सकाळपासून आपण सगळे फक्त बटाटेवडे छान झालेत एवढंच म्हणतोय.

ही मुलं नवीन आली तेव्हा मी त्यांना संध्याकाळी जर्मन शिकवायची. त्यांची एकच तक्रार असे. "वहिनी, आम्ही लेथ शिकायला आलो, आणि हे आम्हाला दिवसभर कानस घासायला लावतात." आता काय, इथली रीतच तशी. शिकाऊ मुलाला लोखंडाचा ठोकळा द्यायचा आणि तो कानशीने सपाट होईपर्यंत यंत्राजवळ फिरकू द्यायचं नाही. या पाचांतल्या मोहनचा ठोकळा दर वेळी मध्ये फुगायचा. मायस्टर तो परत करायचे, आणि एकदा तर हा मुलगा माझ्याकडे जेवता जेवता रडला. मग श्रीपाद त्याच्या मागे उभा राहिला, त्याची मनगटं धरली, म्हणाला, "हात झुलवू नकोस, कमरेतून ढकल." पुढे कितीतरी दिवस स्वतःचं काम उरकून हा मोहनच्या शेजारी. मायस्टर लांबून बघत होते. मला म्हणाले, हा मुलगा कारागीर होईलच, पण शिकवणं याच्या अंगातच आहे.

अहो, घंटीवरचा हात काढा. मी मुद्द्यावरच येतेय.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. हत्यारांची पूजा करायची होती. मायस्टरांनी पाळी सुरू होण्याआधी परवानगी दिली. मुलांनी अ‍ॅस्टरची फुलं आणून हार केला. आपल्याकडे हार केळीच्या सोपटात नाहीतर सुती दोऱ्यात ओवतात. इथे दुकानात मिळाला नायलॉनचा, तोच घेतला. आपल्याकडे पूजा झाली की यंत्राला त्या दिवशी विश्रांती असते. इथे पूजा झाली आणि पाळीची घंटा झाली. आता हार टाकायचा कुठे? श्रीपादने तो लेथवरच्या दिव्याच्या दांड्याला अडकवला. काम सुरू झालं आणि हार घसरला. टोक लेथच्या फिरत्या जबड्यात, चकात, अडकलं, फुलं तेलात पडू लागली, आणि हा पुढे झाला. का? देवाचं फूल पायदळी पडू नये म्हणून. तुम्ही-आम्ही कुणीही असतो तर हात असाच पुढे गेला असता. आपल्याला लहानपणापासून शिकवलंच आहे ते! सुती दोरा तुटला असता. नायलॉन तुटला नाही.

दवाखान्यात दुभाषी म्हणून मीच होते. डॉक्टर बोलले ते मला मराठीत सांगावं लागलं. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. श्रीपादने विचारलं, "वहिनी, कानस धरता येईल का?" डॉक्टरांना विचारायची गरजच नव्हती. तो "नाही" मी उच्चारला, आणि अजून माझ्या तोंडातून गेलेला नाही.

पण हा घरी बसला नाही. मायस्टरांनी त्याला शिकाऊ मुलांच्या खोलीत घेतलं. तिथे तो डाव्या हाताने मापं घेतो, जर्मन पोरांच्या चुका दाखवतो, आणि ती त्याचं ऐकतात.

आज चहाच्या वेळी मायस्टर यशवंतरावांना म्हणाले, तुमच्या नव्या कारखान्यात शिकाऊ मुलांचा वर्ग काढा आणि तो याच्याकडे द्या. भाषांतर माझंच. यशवंतराव, तुमचं उत्तर मी जसंच्या तसं सांगते, चुकलं तर थांबवा. तुम्ही म्हणालात, "असा हात पोरांसमोर उभा केला तर आईबाप पोरं कारखान्यात पाठवतील का?" आणि हळूच म्हणालात, हे मायस्टरांना सांगू नका. मी सांगितलं. त्यांनी आपला डावा हात टेबलावर ठेवला. करंगळी नाही. शिकाऊ असताना पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली. त्याच हाताने त्यांनी आपल्या पाचही मुलांना शिकवलं. आता माना वळवून बघू नका, त्यांना अवघडल्यासारखं होईल.

यशवंतराव, मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. खेड्यापाड्यातून पोरं आणाल, यंत्रापुढे उभी कराल. यंत्र काय करू शकतं हे त्यांना कोण सांगणार? भिंतीवरची पाटी? हात शाबूत असतो तोवर मुलगा देशाचा, आणि गेला की आईबापांचा, असा हिशेब असेल तर तसं छापा जाहिरातीत. मग बघू किती येतात.

यापुढे सत्कार आहे. मला सूचना मिळाली आहे की फोटो वर्तमानपत्रात जायचाय, तेव्हा श्रीपादच्या खांद्यावरून शाल जरा खालपर्यंत ओढा, हात झाकला जाईल.

अध्यक्षांनी घंटी न वाजवल्याबद्दल त्यांचे आभार. पहाटेपासून वडे तळणाऱ्या मालिनीताईंचे आणि हा हॉल मिळवून देणाऱ्या दत्तात्रयरावांचे आभार. पाहुण्यांशी असं बोलू नये हे मलाही कळतं. माझं उणंदुणं पोटात घाला, आणि यशवंतराव, उत्तर आज नाही दिलंत तरी बोट निघण्याआधी द्या.

श्रीपाद, ये बाबा वर. शाल घे. हात बाहेर ठेव.