मॅटाडोर रिकामी पोचली पाहिजे

—बस की महांतेश, उभा का? आत्ताच पाय दुखायला लागले तर म्हैसूरपर्यंत सायकल कोण मारणार, मी? स्वल्प पाणी पी. हां, तर सांगत होतो— एकशेचाळीस किलोमीटर म्हणजे काही फार नाही. दर रविवारी पहाटे जे. पी. नगरहून निघायचं, कनकपुरा रोडला तीस जायचं, तीस यायचं, महिन्याभरात मांड्या तयार. आणि हे कुणासाठी? ज्या पोरांना पाय नाहीत त्यांच्यासाठी. आपण पायडल मारतो, त्यावर देणग्या जमतात, त्यांना नकली पाय मिळतात. यशवंतपुरात एवढ्या फॅक्टऱ्या आहेत, असलं पुण्य करणारा सेक्शन आपला एकटा. मी सुपरवायझर झाल्यापासून सहा वर्षं थकलेल्यांना उचलायला मागून येणाऱ्या मॅटाडोरमध्ये एकही माणूस बसलेला नाही. एकही. गाडी रिकामी पोचते, मोठे साहेब स्वतः आत डोकावून बघतात आणि माझा हात हातात घेतात.

काय? नागोजी? कुणी सांगितलं तुला नागोजीचं? कँटीनमध्ये लोकांना दुसरं काम काय म्हणा. गेल्या वर्षी नागोजी पोचला की नाही म्हैसूरला? पोचला. सायकलवर पोचला. मद्दूरला मॅटाडोरचं दार धरून उभा राहिला— गिरीराज अण्णा, मोजा ओला लागतोय म्हणाला— बघितलं तर रक्त. मी विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाला. शुगरवाल्यांना तळपायात काही कळतच नाही, मग रडायचं कशाला? मी ड्रायव्हरला म्हटलं, तू हो पुढं, मंड्याला थांब. नाहीतर हा चढून बसलाच असता. आता पुढं ती जखम का चिघळली, डॉक्टरनं गुडघ्याखाली पाय का कापला, ते मला काय विचारतोस? आणि वाऱ्यावर सोडलं का त्याला? पहिला पाय त्यालाच दिला, स्टेजवर, हार घालून. तो बघ फोटो भिंतीवर, डावीकडचा मी. तो हसत नाहीये, ते सोड, पहिल्यापासूनच तसा आहे. यंदा झेंडा दाखवायला ये म्हणून सांगायला घरी गेलो, तर त्याच्या बायकोनं, भागुबाईनं, दारच उघडलं नाही. आतून ठक ठक ऐकू येत होतं— म्हणजे चालतोय ना? म्हणजे पाय नीट बसलाय.

काय— तुलाही शुगर? कधीपासून? आणि तळपायाला मुंग्या येतात. मग बरंच की, तुला शेवटपर्यंत काही कळणार नाही. हे बघ, तुला कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे, पंधरा तारखेला वर जातो— धमकी नाही देत, तारीख सांगतोय. घरी लहान लेकरू आहे ना तुझ्या? मग. फॉर्मवर आजारांचं विचारलंय तिथं मीच भरतो, तू उगाच काहीतरी लिहिशील. हे बघ, लिहिलं ‘नाही’. झालं. नागोजीचंही मीच भरलं होतं. इथं सही कर. सही वाकडी आली? येऊ दे, सायकल पायानं चालवायची आहे.

सरी, ठीक आहे. टोपी घे जाताना. मोजे मात्र पांढरे नको, लाल घे. आणि दार उघडंच राहू दे, बाहेर परसू थांबलाय, त्याचाही फॉर्म भरायचाय, त्याला आत पाठव.